साडेचारशेचा सेलेरॉन
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल चार शब्द बोल’ असं सांगितलं होतं. मी आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर काहीतरी लिहून आणलं होतं, ते बॅगेतच राहू दे. काल रात्री जेवताना आपल्या एका वर्गमित्रानं विचारलं, “पोरगा बारावीत आहे. स्वतः कॉम्प्युटर जोडतो म्हणते, ओव्हरक्लॉक करतो म्हणते. साठ हजार मागते. देऊ का?” त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. आधी त्याला दुसरंच काही सांगायचं होतं. त्याची परवानगी घेऊन ते आज इथे सांगते.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. जानेवारी २००० ची गोष्ट. कापसाचा चुकारा हाती आला आणि बाबांनी त्यातले २८,००० माझ्यापुढे ठेवले. त्या पैशात कंपनीचा तयार कॉम्प्युटर येत नव्हता. कॉलेजातल्या एका सिनियरनं सेलेरॉन ३००ए चं नाव सांगितलं.

ही इंटेलची चिप ऑगस्ट १९९८ मध्ये आली. तिची घाऊक किंमत १४९ डॉलर होती, आणि त्याच दिवशी आलेल्या पेंटियम टू ४५० ची ६६९ डॉलर. आतलं गणित साधं होतं. चिपचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले साडेचार. हा साडेचार कंपनीनं कुलूप लावून ठेवलेला, बदलता येत नव्हता. पण बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर चालवली, की ३०० ची चिप ४५० वर धावायची. त्यासाठी मदरबोर्ड ४४० बीएक्ससारख्या चिपसेटचा हवा. तो बस १०० वर नेली तरी बाकीच्या कार्डांचा आणि हार्ड डिस्कचा वेग ठरल्या जागी ठेवायचा. स्वस्त बोर्डावर बस ७५ किंवा ८३ वर ओढली की चिपबरोबर तेही ओढले जायचे, आणि डिस्कवरची माहिती खराब व्हायची भीती असायची. रॅमही पीसी१०० लागायची.

सीताबर्डीवर बाबा आणि मी तीन दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार बाबांशीच बोलायचा. “काका, हा बोर्ड घ्या, दोन हजार वाचतात.” बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तुले समजते का यातलं?” मी हो म्हटलं. “मंग त्याचं काहून आयकते?” बीएक्स बोर्ड घेतला. चौदा इंची मॉनिटर जुना घेतला, ६४ एमबी रॅम घेतली. शेवटी बाराशे रुपये कमी पडायला लागले, तेव्हा मी कॅबिनेट सगळ्यात स्वस्त उचललं. त्याच्यासोबत आलेल्या पॉवर सप्लायवर २५० वॅटचं स्टिकर होतं. उचलून पाहिला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. मला ते कळलं होतं. तरी घेतला.

घरी आल्यावर बी२१ नावाच्या एका पिनेवर नेलपॉलिश लावलं. ती पिन झाकली की बोर्डाला ही १०० ची चिप वाटते. (आपल्या वर्गातल्या मुलींना आठवत असेल, शाळेत नेलपॉलिश लावून आलं की बाईंची छडी असायची. पुढे ते असं कामी आलं.) पडद्यावर ४५० आकडा आला तेव्हा मी बाबांना झोपेतून उठवलं होतं. प्राइम९५ नावाचा प्रोग्राम रात्रभर चालवून मशीन तपासलं. एकही चूक नाही. पण ती जानेवारीतली रात्र होती, आणि आम्ही दोन रजया घेऊन झोपलो होतो.

सुट्टीत गावातल्या एका कृषी केंद्राचं काम मिळालं. त्यांच्या उधारीच्या वह्या फॉक्सप्रोमध्ये भरायच्या आणि दर आठवड्याला यादी छापून द्यायची. माझी पहिली कमाई. मे महिना आला. आपल्या इकडचा मे तुम्हाला सांगायला नको. खोली जेवढी तापते तेवढाच चिपचा ताप वर चढतो, आणि आमच्या टिनाच्या खोलीत लोडशेडिंगमुळे कूलरही धड चालत नव्हता. भर दुपारी मशीन दोनदा अडकलं. तेव्हाच वेग ३०० वर उतरवायला हवा होता. बायोसमध्ये दोन मिनिटांचं काम. पण कॉलेजात साऱ्यांना ४५० सांगून बसले होते.

तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा उधारीची फाइल बिघडली. फ्लॉपीवरची प्रत दोन दिवस जुनी होती. वहीवरून पुन्हा सगळं भरलं, आणि घाईत जमेची एक नोंद राहून गेली.

त्या शेतकऱ्यानं उधारी भरली होती. पेरणीच्या तोंडावर ते बियाणं न्यायला गेले, तर दुकानात चार लोकांसमोर त्यांना आधीची बाकी मागितली गेली. ते म्हणाले, भरली. मालकानं माझी छापील यादी दाखवली आणि म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही. ते काही न बोलता बियाणं न घेता निघून गेले. आठवड्यानं मला वहीत ती नोंद सापडली. मी मालकांना एवढंच म्हटलं, “एक एंट्री राहून गेली.” खातं दुरुस्त झालं. पण चार लोकांसमोर जे झालं ते चार लोकांसमोर दुरुस्त झालं नाही. यादी का चुकली हेही मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि मोठा पंखा बसवला. अंगणात अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा भरून. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, म्हणून आई त्यात रोज बादलीभर पाणी ओतायची. तीच चिप पुढचे दोन उन्हाळे ४५० वर चालली. चिपचा दोष नव्हताच.

ते शेतकरी म्हणजे काल मला प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मित्राचे वडील. ते आता नाहीत. काल त्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ ताटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. आईनं दोनदा विचारलं होतं, खरंच भरले होते ना?” मी माफी मागितली. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “मंग पोराले काय सांगू?”

तर त्याच्या मुलासाठी, आणि ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्या सगळ्यांसाठी सांगते. पैसे द्या. वेग वाढवायचा असेल तर इंटेलमध्ये नावापुढे ‘के’ असलेली चिप आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो, दोन्ही महाग. एएमडी रायझेनमध्ये बी मालिकेच्या मधल्या बोर्डावरही जमतं. कमी पैशात तेच बरं. मात्र आजच्या चिपा स्वतःच आपला वेग वाढवतात, आमच्या वेळसारखा दीडपट फायदा मिळत नाही. चार-पाच टक्क्यांसाठी भारीचा बोर्ड घेऊ नका. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, एक मोठी नको. ग्राफिक्स कार्ड चालू स्थितीत बघून जुनं घेतलं तरी चालेल. पॉवर सप्लाय जुना घ्यायचा नाही, कॅबिनेटसोबत फुकट आलेला तर नाहीच. स्टिकरवरचे वॅट बघू नका, १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. पैसे कमी पडले तर चिप एक पायरी खालची घ्या.

आणि जोडून झाल्यावर पोराला म्हणावं, टेस्ट मे महिन्यात दुपारी दोन वाजता कर, कूलर बंद ठेवून.