चाऱ्याचे वजन आणि चाऱ्याचे सत्त्व

गाईला आज काय घातले, असा प्रश्न कोणत्याही गोठ्यात विचारावा. उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी हिरव्या चाऱ्याचा एक भारा, दुपारी कडब्याच्या दोन-चार पेंढ्या आणि धारेच्या वेळी पाटीभर आंबोण. हे उत्तर खोटे नसते. परंतु त्यावरून गाईला प्रत्यक्षात मिळाले किती, हे मात्र कळत नाही. भारा, पेंढी आणि पाटी ही आपली मापे झाली. जनावराचे पोट निराळ्याच मापाने मोजते. दुधाच्या उत्पादनखर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. तेव्हा मापच चुकले, तर यातील बराचसा पैसा डोळे झाकून खर्च केल्यासारखा होतो. म्हणून पशुपोषणशास्त्रातील काही मूलभूत संज्ञांचा अर्थ आज आपण समजून घेऊ. संज्ञा कानाला जड वाटल्या, तरी त्यांच्यामागील हिशेब वाणसामानाच्या हिशेबाहून अवघड नाही.

पहिली संज्ञा 'शुष्क द्रव्य'. चाऱ्यातील पाण्याचा अंश पूर्णपणे काढून टाकल्यावर जे शिल्लक उरते, ते शुष्क द्रव्य. हिरवा मका किंवा हत्तीगवत यांत ते शंभर किलोंमागे सुमारे २० किलो असते. कडबा, भुसा, पेंड, कोंडा यांत ९० किलोंच्या आसपास असते. म्हणजे वीस किलोंचा हिरवा भारा आपण गव्हाणीत टाकतो, तेव्हा त्यातील सोळा किलो पाणीच असते. पाणी जनावराला हवेच. पण ते हौदावरही मिळते. संकरित गाय किंवा म्हैस आपल्या वजनाच्या दर शंभर किलोंमागे रोज अडीच ते तीन किलो आणि देशी गाय दोन ते अडीच किलो शुष्क द्रव्य खाते. चारशे किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईला या हिशेबाने सुमारे बारा किलो शुष्क द्रव्य लागते. केवळ हिरव्या मक्यावर ते भागवायचे, तर रोज साठ किलो मका हवा. पावसाळ्याच्या आरंभी जनावरे दिवसभर कोवळे गवत खातात आणि तरीही भरत नाहीत, याचे एक कारण हेच.

हे माप खरेदीच्या वेळीही उपयोगी पडते. समजा, हिरवा मका किलोला तीन रुपये आणि कडबा किलोला दहा रुपये आहे. वजनावर पाहिले, तर मका स्वस्त. पण तीन रुपयांच्या मक्यात शुष्क द्रव्य २०० ग्रॅम आणि दहा रुपयांच्या कडब्यात ९०० ग्रॅम. म्हणजे रुपयाला मक्यात ६७ ग्रॅम पडते, तर कडब्यात ९० ग्रॅम. आता कडबा स्वस्त ठरला! परंतु आणखी एक पायरी पुढे जावे. त्या किलोभर मक्यात प्रथिने सुमारे १६ ग्रॅम असतात, किलोभर कडब्यात सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे एका रुपयात मका पाच ग्रॅमांहून अधिक प्रथिने देतो आणि कडबा केवळ तीन. पोट भरण्यासाठी कडबा परवडतो, प्रथिनांसाठी मका. 'स्वस्त काय?' हा प्रश्न 'कशासाठी?' हे विचारल्याशिवाय सुटत नाही, तो असा.

प्रथिनांचा उल्लेख आलाच आहे, तर पशुखाद्याच्या पोत्यावरील मजकुराकडे वळू. तेथे 'क्रूड प्रोटीन' असे शब्द आढळतात. आपण त्याला 'स्थूल प्रथिने' म्हणू. हे 'स्थूल' विशेषण महत्त्वाचे आहे. खाद्याची घटकांत विभागणी करण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जर्मनीतील ग्योटिंगेनजवळच्या वेंडे येथील प्रयोगकेंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी बसविली. पाणी, राख, स्थूल प्रथिने, स्थूल मेद, स्थूल तंतू आणि उरलेली पिष्टमय द्रव्ये, असे तिचे सहा भाग. पुढे १८८३ मध्ये डेन्मार्कच्या केल्डाल या रसायनज्ञाने नत्र मोजण्याची सुलभ रीत शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो. म्हणून मोजलेल्या नत्राला ६.२५ ने गुणावे, की स्थूल प्रथिनांचा आकडा मिळतो. म्हणजे प्रयोगशाळा मोजते नत्र, आणि आपण वाचतो प्रथिने. नत्र दुसऱ्या कोणत्याही पदार्थातून आला, तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघडकीस आले आणि हजारो बालके आजारी पडली. त्या भेसळीच्या मुळाशी हाच आडमार्ग होता. म्हणून पोत्यावरील केवळ एक आकडा पाहू नये. प्रथिने आणि मेद यांच्यापुढे 'किमान' लिहिलेले असते. ओलावा, तंतू आणि वाळू-सिलिका यांच्यापुढे 'कमाल'. पहिले दोन जितके अधिक आणि नंतरचे तीन जितके कमी, तितके खाद्य सामान्यतः सरस.

आता गाईच्या पोटात डोकावू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या जठराचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईचे कोटीपोट शंभर लिटरांच्या घरात असते आणि त्यात अगणित सूक्ष्मजीव नांदत असतात. गवताच्या काडीतील तंतू पचविणारा रस गाईजवळ नाही. ते काम हे सूक्ष्मजीव करतात. ते तंतू आंबवून त्यांची आम्ले बनवितात. ही आम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि गाईच्या ऊर्जेचा फार मोठा भाग पुरवितात. पुढे हेच सूक्ष्मजीव वाहत जाऊन चौथ्या कप्प्यात पोहोचतात, तेथून पुढे ते स्वतःच पचतात आणि गाईला त्यांच्याकडून उत्तम प्रथिने मिळतात. एका परीने पाहिले, तर आपण गाईला खाऊ घालतच नाही. आपण या सूक्ष्मजीवांना खाऊ घालतो आणि ते गाईला पोसतात.

हे एकदा ध्यानात आले, की गोठ्यातील कित्येक कोडी उलगडतात. या सूक्ष्मजीवांना आपली वाढ करण्यासाठी नत्र लागतो. एकूण आहाराच्या शुष्क द्रव्यात स्थूल प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली, की त्यांचे काम मंदावते, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणे कमी करते. आणि आपल्या नेहमीच्या सुक्या वैरणीची स्थिती काय आहे? बेळगावकडचा ज्वारीचा कडबा, गोव्यातील भाताचा पेंढा, माळव्यातील गव्हाचा भुसा. प्रदेश निरनिराळे, पण या सर्वांत प्रथिने अवघी ३ ते ४ टक्के. म्हणूनच उन्हाळ्यात गंजी उभी असूनही गुरे खंगतात. अशा वैरणीबरोबर थोडी पेंड किंवा लसूणघास घातली, तर पेंडीचे सत्त्व मिळतेच, शिवाय कडब्याचेही पचन सुधारते.

पेंढा किंवा भुसा सुधारण्याचा दुसरा उपाय युरिया-प्रक्रियेचा. शंभर किलो वैरणीवर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, वैरण दाबून हवाबंद झाकावी आणि तीन आठवड्यांनी उघडावी. खाऊ घालण्यापूर्वी उग्र वास उडू द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. नुसता युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये. त्याने जनावर तासाभरातही दगावू शकते.

सूक्ष्मजीवांची ही वसाहत एकाएकी झालेला बदल सोशीत नाही. लग्नसमारंभातील उरलेला भात, पोळ्या आणि गोडधोड मायेपोटी पाटीने गाईपुढे ठेवले जाते. पिष्टमय अन्नाचा असा मारा झाला, की कोटीपोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जनावर हातचे जाते. बेंदराला किंवा पोळ्याला बैलाला मानाचा घास अवश्य द्यावा. पण तो घासच असावा. नवा चारा किंवा नवे खाद्य सुरू करताना आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावे.

आणखी एक संज्ञा राहिली. ती 'एकूण पचनीय पोषकद्रव्ये'. खाल्लेले सारेच अंगी लागत नाही; काही शेणावाटे बाहेर पडते. जे पचते, त्याची ही बेरीज. मेदातून ऊर्जा अधिक मिळते, म्हणून पचलेला मेद २.२५ ने गुणून बेरजेत घेतात. मक्याच्या दाण्यात हा आकडा ८० टक्क्यांहून वर जातो, भाताच्या पेंढ्यात तो ४० ते ४५ टक्केच असतो. पेंढ्याने पोट भरते, पण चरवी भरत नाही, ती यामुळे.

आता या सर्वांची बांधणी करू. जनावराच्या आहाराचे दोन हिस्से मानतात. शरीर चालविण्यासाठी लागतो तो निर्वाह-आहार, आणि दूध देण्यासाठी लागतो तो उत्पादन-आहार. निर्वाह आधी भागतो. उरले तर दूध. ढोबळ नियम असा, की निर्वाहासाठी एक ते दीड किलो खुराक आणि त्याशिवाय गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे व म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे एक किलो खुराक द्यावा. आपल्या चारशे किलोंच्या, दहा लिटर दूध देणाऱ्या गाईसाठी वीस किलो हिरवा मका, चार किलो कडबा आणि पाच किलो खुराक घेतला, तर शुष्क द्रव्य अनुक्रमे ४, ३.६ आणि ४.५ किलो, म्हणजे एकंदर बारा किलो भरते. त्यात सुमारे दोन-तृतीयांश वैरण आणि एक-तृतीयांश खुराक हे प्रमाणही साधते. जोडीला रोज पन्नास ग्रॅमांच्या आसपास क्षारमिश्रण द्यावे. टंचाईत उसाच्या वाढ्यावर दिवस काढावे लागतात, तेव्हा तर ते विसरूच नये. कारण वाढ्यातील ऑक्झलेट शरीराला मिळावयाचा कॅल्शियम बांधून टाकते.

या विचाराचे मोल संघटितपणे ओळखल्याचे एक उदाहरण बडोद्याच्या शेजारीच आहे. खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाने आणंदजवळ कंजरी येथे पशुखाद्याचा कारखाना उभारला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दूध गोळा करण्याची व्यवस्था कितीही उत्तम असली, तरी दुधाचा उगम गव्हाणीत आहे, हे त्या शेतकऱ्यांनी जाणले होते.

प्रत्येकाला कारखाना उभारता येणार नाही. पण एक ताणकाटा गोठ्यात टांगता येईल. आठवड्यातून एकदा भारा, पेंढी आणि पाटी त्यावर तोलावी, हिरव्याचे वीस टक्के आणि सुक्याचे नव्वद टक्के धरून बेरीज करावी, आणि ती जनावराच्या वजनाशी व दुधाशी ताडून पाहावी. कोठे कमी पडते आणि कोठे वाया जाते, हे पहिल्याच महिन्यात दिसू लागेल. मुके जनावर आपली उपासमार बोलून दाखवीत नाही. ती ओळखण्याचे काम आपल्या हिशेबाने करावयाचे असते.