रोजच्या रोज पगार : प्लेग, लॉकडाऊन आणि कामगाराचा भाव

आजचा एपिसोड थोडा जुना आणि थोडा ताजा आहे. लोकलमध्ये ऐकत असाल आणि करी रोड किंवा लोअर परळ येत असेल, तर एकदा बाहेर बघा. जिथे आता काचेच्या इमारती आहेत, तिथे गिरण्या होत्या हे तुम्हाला माहीतच आहे. पण १८९७ साली यातल्याच काही गिरण्यांची माणसं रस्त्याच्या नाक्यावर उभी राहून कामगारांसाठी बोली लावत होती, हे माहीत आहे का? 'त्या गिरणीपेक्षा आम्ही जास्त देतो, आमच्याकडे चला.' आणि पगार? त्याच दिवशी संध्याकाळी, हातात.

हे कसं झालं, तेच आज सांगायचंय.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात, म्हणजे गोदीला लागून, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत माणसं तापाने आणि जांघेतल्या गाठींनी मरायला लागली. हा प्लेग आहे, हे ओळखलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण तिथून शंभरदा जातो आणि वर बघत नाही, मीसुद्धा बरीच वर्षं बघितलं नव्हतं.

पुढच्या चार-पाच महिन्यांत मुंबई रिकामी झाली. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले निम्म्याच्या जवळपास लोक शहर सोडून गेले. गिरणी कामगारांतले बरेचसे कोकणातले, घाटावरचे. गावाकडे घर होतं, थोडीफार जमीन होती, ते निघाले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. त्या काळी गिरणीत पगार महिन्याचा असायचा, पण महिना संपला की लगेच मिळायचा नाही. पुढचा महिना बराच सरल्यावर हातात यायचा. म्हणजे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. मध्येच सोडून गेलात तर ते पैसे गेले. तोपर्यंत वाण्याकडे उधारी, सावकाराकडे व्याज. माणूस बांधून ठेवायला बेडीच लागते असं नाही, थकलेला पगारही पुरतो.

प्लेगने ही गाठ सोडवली. उद्या आपण जिवंत असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो महिनाभर थांबून पगार कशाला घेईल? जे कामगार शहरात राहिले, ते म्हणाले, रोजचे पैसे रोज द्या. मालकांना सूत तर काढायचंच होतं, यंत्रं उभी होती. मग त्यांनी दिले, एकमेकांवर बोली लावून दिले.

ऐकायला छान वाटतं, नाही? थोडं थांबा.

पहिली गोष्ट, मेलं कोण हे बघा. मेले ते मुख्यतः चाळीतले, एका खोलीत आठ-दहा जण राहणारे. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या, रुग्णांची सेवा करता करता. कामगाराचा भाव वाढला त्याच महिन्यांत कामगारांचा सगळ्यात मोठा नेता गेला.

दुसरी गोष्ट, भाव टिकला नाही. साथ ओसरली, गावाकडून माणसं परत आली, आणि मालकांनी रोजचा पगार बंद करून पुन्हा महिन्याची पद्धत आणायला घेतली. त्यावरून गिरण्यांत संप झाले. पण महिन्याची पद्धत परत आलीच.

आणि तिसरी गोष्ट घरांची. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे. हेतू चांगला. पण सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्या जास्त आणि गरिबांसाठी बांधलेल्या कमी. मग ती माणसं गेली कुठे? शेजारच्या चाळीत, आणखी दाटीने. दादर-माटुंग्याच्या ज्या आखीव कॉलन्यांचं आपण कौतुक करतो, त्याही याच ट्रस्टच्या. त्या मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. (यात कोणाच्या आजोबांना नावं ठेवत नाहीये हां, मेसेज पाठवू नका.)

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडला. १३४८ मध्ये तिथे प्लेग पोहोचला, ज्याला 'ब्लॅक डेथ' म्हणतात. दोन वर्षांत तिथली एक तृतीयांश ते निम्मी माणसं मेली. शेतावर राबायला माणूस मिळेना. मजूर जास्त मजुरी मागायला लागले. सरकारने काय केलं? १३४९ मध्ये फर्मान काढलं आणि १३५१ मध्ये कायदा केला : मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच घ्यायची, काम नाकारायचं नाही. नाकारलंत तर खोड्यात अडकवणार. तरीही पुढच्या शंभर वर्षांत तिथल्या मजुरांची खरी कमाई वाढलीच, कारण माणसंच कमी होती. पूर्व युरोपात मात्र जमीनदार जास्त ताकदवान ठरले आणि पुढे शेतकऱ्यांची वेठबिगारी उलट घट्ट झाली. रोग तोच, निकाल वेगळा.

म्हणून 'साथ सगळ्यांना समान करते' असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. जंतू फक्त पत्ते पिसतो. वाटणारे हात आधीचेच असतात.

आता २०२०. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून फार सांगत नाही. २४ मार्चला रात्री आठला घोषणा, चार तासांनी देश बंद. काही जणांचं ऑफिस लॅपटॉपमधून घरी आलं. ज्यांचं काम हातापायांचं होतं, त्यांचं काम एका रात्रीत गेलं. सीएमआयई या संस्थेचा अंदाज होता की एकट्या एप्रिल महिन्यात १२ कोटींहून जास्त लोकांचा रोजगार गेला. ८ मेच्या पहाटे जालन्याहून गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते, मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो तुम्हाला आठवत असेल.

तर प्रश्न असा, की १८९७ मध्ये माणसं गावी गेल्यावर बोली लागली, मग २०२० मध्ये का नाही? एक कारण साधं आहे. प्लेगमध्ये गिरणी चालू होती आणि माणूस नव्हता. कोरोनात कामच बंद होतं. माणूस होता, पोट होतं, नाका रिकामा होता.

पण जिथे काम थांबवता येत नाही, तिथे काय झालं बघा. पंजाबात जूनमध्ये भातलावणी. बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर गावी गेलेले. लगेच एकरी दर चढले, शेतकऱ्यांनी मजूर आणायला बस पाठवल्या. म्हणजे नाक्यावरची बोली परत आली! आणि तिच्या मागोमाग १३५१ चा कायदाही आला. काही गावांच्या पंचायतींनी ठराव केले : यापेक्षा जास्त दर द्यायचा नाही, जो मजूर मागेल त्याच्यावर बहिष्कार. कर्नाटकात तर मे महिन्यात सरकारची बिल्डरांशी बैठक झाली आणि मजुरांना घरी नेणाऱ्या गाड्याच रद्द झाल्या. टीका झाल्यावर परत सुरू केल्या. गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि ओव्हरटाइम दुप्पट नाही, साध्याच दराने, अशी अधिसूचना काढली. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला ती रद्द केली.

मला यात सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? या मजुरांची सरकारकडे धड यादीही नव्हती. ई-श्रम पोर्टल सुरू झालं ऑगस्ट २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर. माणूस चालत निघाला तेव्हाच तो दिसला.

हे ऐकणाऱ्यांत डिलिव्हरी करणारे बरेच जण आहेत, तुमच्या कमेंट्सवरून कळतं. तुमच्या ॲपवर पैसे रोज किंवा आठवड्याला जमा होतात. १८९७ च्या कामगाराने जे मागितलं ते तुम्हाला न मागता मिळालंय, असं वाटू शकतं. फरक एवढाच, की त्याच्यासाठी दोन गिरण्या भांडत होत्या. तुमचा दर मात्र ॲप ठरवतं, आणि नाक्यावर तुमच्यासारखेच आणखी वीस जण उभे असतात.

पुढच्या एपिसोडमध्ये याच दराबद्दल बोलू. तोपर्यंत एक व्हॉइस नोट पाठवा : मार्च २०२० चा तुमचा किंवा तुमच्या घरातल्या कोणाचा पगार कधी आला आणि किती आला. नाव सांगायची गरज नाही. कंपनीचंही नको.