मुंबई बंदराची जुनी पोस्टकार्डं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उतरलेले प्रवासी बंदराचं चित्र असलेलं पोस्टकार्ड धाडून घरी खुशाली कळवायचे. सुरुवातीच्या कार्डांची एक बाजू फक्त पत्त्यासाठी असे. म्हणून मजकूर चित्राच्याच कडेला, दाटीवाटीनं लिहिलेला दिसतो. अपोलो बंदराच्या चित्रात गेटवे ऑफ इंडिया नसेल, तर ते १९२४ च्या आधीचं समजावं. १८८० साली सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकमधल्या आगबोटी देखण्या खऱ्या, पण माझी नजर खिळते ती धक्क्यावर रचलेल्या कापसाच्या गाठींवर. त्या वाहणाऱ्या हमालांची नावं कुठल्याच कार्डावर नाहीत, याची खंत वाटते. रंगांवर मात्र विसंबू नका. मूळ फोटो काळे-पांढरे, रंग छापताना भरलेले. टपालाचा शिक्काही फक्त कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो. फोटो त्याहून बराच जुना असू शकतो.