यंत्र कोणाच्या हाती?



गावात दवाखान्यासाठी वर्गणी निघाली की पहिले नाव निघते ते मोठ्या यंत्राचे. आमच्याही गावाने तेच केले. सुगीत घरोघर फिरलो. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांनी पायली, दोन पायली ज्वारी घातली. हृदयाचा आलेख काढणारे यंत्र आले. हार घातला, नारळ फोडला. पण ते चालवणारा माणूस टिकला नाही, आणि कागदाची गुंडाळी संपली तेव्हा दुसरीसाठी पैसा शिल्लक नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा झोळी घेऊन गेलो, तर एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, मागचं यंत्र बोलाय लागलं का?" काय सांगणार?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातच उलट टोकाकडून केली. यंत्र घ्यायचे, तर ते वापरणार कोण? बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा लागतो. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ घेतले, त्याला मणी जोडले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मला तर हे मोठ्या यंत्राहून मोठे वाटते.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायका 'आरोग्यदूत' म्हणून तयार झाल्या. वजनकाटा, तापमापक, बाळाला ऊब देणारी पिशवी असे साहित्य घेऊन त्या घरी जात. नुसत्या साहित्याने काही होत नाही, हेही सांगितले पाहिजे. शिक्षण, औषध आणि पुन्हा पुन्हा घातलेल्या फेऱ्या त्यामागे होत्या. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, पावतीपुस्तक छापण्याआधी आशाताईला विचारा, तुझ्या पिशवीतले काय बंद पडले आहे? काटा बिघडला असेल, तापमापकाचा सेल गेला असेल. जमलेल्या रकमेतला काही भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढा, आणि हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहा.

यंदा म्हातारीने सुपातली ज्वारी ओतली, पण आधी विचारले, "सेल कोण बदलणार?"

आम्ही तिला फळ्यावरचे नाव वाचून दाखवले.