ब्रेकमधली हवा

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरणारी मोटार ज्या भरवशावर प्रत्येक वळण घेते, तो भरवसा बारीक नळ्यांतील द्रवाचा असतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडलेल्या तत्त्वानुसार पायाचा दाब चारही चाकांपर्यंत जातो. परंतु द्रव जवळजवळ दबत नाही आणि हवा सहज दबते, त्यामुळे नळीत बुडबुडा शिरला की चालकाचे बळ तो आकसण्यातच खर्ची पडते व पेडल मऊ लागते.

बोलीत ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, तो बहुतेक मोटारींत खनिज तेल नसून हवेतील ओल शोषणारा ग्लायकॉलवर्गीय द्रव असतो. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, मात्र सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून लांब उतारावर ब्रेक तापले असता जुन्या द्रवाची वाफ होऊन पेडल अचानक खाली जाऊ शकते.

हवा काढताना गॅरेजमध्ये एकजण पेडल दाबतो आणि दुसरा चाकाजवळचे निपल, म्हणजे द्रव बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू, उघडतो व मिटतो. एकट्या माणसासाठी हे दुसरे काम एकमार्गी झडपेची पारदर्शक नळी करते. मोटार सपाट जागी, चाकांना अडण लावून, केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी; नळीचे टोक बाटलीतील स्वच्छ द्रवात बुडवून निपल किंचित सैल करावे, पेडल सावकाश दाबून सोडावे आणि बुडबुडे थांबताच निपल आवळावे. चाकांचा क्रम निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. या साऱ्या वेळात टाकीतील द्रव तळाला जाऊ देऊ नये, कारण तेथून पुन्हा हवा शिरते. काढलेला द्रव परत वापरू नये आणि रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या काही मोटारींत मात्र तिच्यात अडकलेली हवा काढण्यास संगणकी उपकरण लागते.

काम संपल्यावर इंजिन चालू करून पेडल दाबून धरावे, गळती तपासावी आणि मोकळ्या मैदानात मंद वेगाने ब्रेक पाहावेत. पेडल घट्ट न राहता खाली जात असेल, तर मोटार रस्त्यावर न आणता जाणत्या मेकॅनिकला घरी बोलवावे.