मिसिंग मारणारी जुनी जीप: कार्बोरेटर सर्वांत शेवटी

जुनी गाडी मिसिंग मारायला लागली की शोध कुठून सुरू करायचा, एवढंच आज बोलू. उदाहरणाला महिंद्राची सीजे-३बी जीप घेऊ. पेट्रोलवरचं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, साधारण २,२०० सीसी. नोकरीत या इंजिनाशी बरीच वर्षं ओळख होती. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते. त्यामुळे अशा अनेक जीप आता बाहेर निघताहेत, आणि त्यांचे मूळ सुटे भाग उगाच खोलाखोलीत खराब होताहेत.

गाडी खोकली की मेकॅनिकचा हात आधी कार्बोरेटरवर जातो. थांबवा त्याला. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा आणि ऐका. ठोका ठराविक तालात चुकतोय का? मग बहुधा एकच सिलिंडर झोपलंय. वेडावाकडा चुकतोय? मग पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल किंवा हवेची गळती.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरा. तो सतत बाहेर फडफडायला हवा. मध्येच आत ओढला गेला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्या.

आता इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढा. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन बसतं. जिथे काहीच फरक पडत नाही, तो आपला गुन्हेगार. त्याचा प्लग शेजाऱ्याशी बदलून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला, तर काम स्वस्तात झालं. प्लगचा गॅप ०.०३० इंच, पॉइंटचा ०.०२०. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. घाईत दोन वायरींची अदलाबदल झालेली असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणारच नाही.

ठिणगी चांगली असूनही सिलिंडर मेलेलंच असेल, तर कॉम्प्रेशन मोजा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्यात. वाढलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारची दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील, तर मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

या इंजिनाची एक खोड लक्षात ठेवा. चार इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, पण चार एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणाआड. वरचे टॅपेट सेट होतात, खालचे विसरले जातात. थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६. सीट झिजते तसा एक्झॉस्टचा गॅप कमी होतो, आवाज बंद होतो, मालक खूश होतो आणि व्हॉल्व्ह जळतो. टकटकणाऱ्या टॅपेटपेक्षा मला गप्प बसलेल्याची जास्त धास्ती वाटते.

हे सगळं ठीक निघालं, तर कार्बोरेटरच्या बुडाशी ऑइलचे चार थेंब सोडा. इंजिन सुधारलं तर तिथून हवा घेतंय, गॅस्केट बदला. पेट्रोलचे रबरी पाइपही तपासा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. त्यानंतर हवा तर मिक्श्चर स्क्रूला हात लावा. पण आधी तो हलकेच आत फिरवत किती फेऱ्यांवर बसतो ते मोजा, आकडा वहीत लिहा आणि तितकाच परत बाहेर काढून सुरुवात करा.