खेळाचे नियम कोणी करावेत?



मुलांचा खेळ हा व्याख्यानाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आट्यापाट्यांचा डाव मांडणारी मुले पाहा. अंगण पाहून ती हद्द आखतात, तंटा झाला तर निवाडा करतात आणि धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो बाद झाला तरी डावातून जात नाही. दुबळ्याला वगळावयाचे नाही आणि डावही बिघडू द्यावयाचा नाही, हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला? मुलांनीच ना?

डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांनी हे मर्म ओळखले. आखीवरेखीव क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी, मोडक्यातोडक्या सामानात मुले अधिक रमतात, असे त्यांना दिसून आले. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनमधील एम्ड्रुप येथे त्यांच्या कल्पनेतले क्रीडांगण उघडले. तेथे फळ्या होत्या, हत्यारे होती. काय बांधावयाचे ते मुलांनी ठरवावयाचे होते.

आता क्रीडांगणात यंत्रही आले आहे. डेन्मार्कमध्येच हेन्रिक लुंड या संशोधकाने एकमेकींना जोडता येणाऱ्या आणि पाय पडताच प्रतिसाद देणाऱ्या दिव्यांच्या फरशा तयार केल्या. गंमत खरी! पण दिवा केव्हा लागावा, हे कोणी ठरवावयाचे? ते कारखान्यातच कायमचे ठरले, तर मूल खेळत नाही. ते हुकूम पाळते.

याचे उत्तर सेमूर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले. १९६७ साली अमेरिकेत त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर एक यांत्रिक कासव चालू लागले. ‘इतके पुढे जा, उजवीकडे वळ’ असे मुलाने सांगावे आणि कासवाने रेघ काढावी. रेघ चुकली, तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे! २००७ साली आलेल्या ‘स्क्रॅच’ने तर मुलांना स्वतःचे संगणकखेळ रचण्याचे साधन मोफत दिले.

तात्पर्य, वाद यंत्र हवे की नको असा नाहीच. उद्या गावच्या बागेसाठी एखादे झगमगते खेळणे घेण्याचा ठराव आला, तर एवढेच विचारा : मुलांना याचे नियम बदलता येतात काय? येत नसतील, तर त्या पैशांत वाळूचा ढीग आणि चार फळ्या आणा. मुले भांडतील, भांडू द्या. नियम करणे, मोडणे आणि पुन्हा एकमताने करणे, हे नागरिकत्वाचे पहिले धडे त्या भांडणातच मिळतात.